घरच्या डोंगराची धार

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : मागच्या अंकात घाटवाटांबद्दल लिहिताना तुम्ही ऑस्ट्रियातल्या ‘श्ट्राइफ’ नावाच्या बर्फाच्या उताराचा एका ओळीत उल्लेख केलात आणि पुढे गेलात. पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून उतरायच्या अशा शर्यती मी टीव्हीवर पाहतो. सगळे सारखेच वाकून खाली येतात, घड्याळ थांबतं, संपलं. मग त्या एकाच उताराचं एवढं नाव का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : त्या लेखात जागा नव्हती म्हणून एका ओळीवर भागवलं, पण मनाला ते लागून राहिलं होतं. तुमच्या पत्रानं बरं झालं.

माझी भाची इन्सब्रुकला परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मी तिच्याकडे महिनाभर राहिले. तिनं विचारलं, “मावशी, काय काय बघायचंय? व्हिएन्ना? साल्झबुर्ग?” मी म्हटलं, किट्झब्यूल. ती म्हणाली, “अगं, जूनमध्ये तिथे बर्फाचा कण नसतो.” म्हटलं, नसू दे, मला जमीन बघायची आहे. एकतीस वर्षं गुहागर तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवला. समोच्चरेषा जितक्या जवळजवळ तितका चढ उभा, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल. आणि दर जानेवारीत टीव्हीवर जो उतार पाहत आले, तो बर्फाचं पांघरूण काढल्यावर कसा दिसतो, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

किट्झब्यूल हे तिरोल प्रांतातलं डोंगरातलं छोटं शहर. वरच्या डोंगराचं नाव हानेनकाम, म्हणजे कोंबड्याचा तुरा. श्ट्राइफ हा याच डोंगराचा उतार. गावातून वर रोपवे जातो, आपल्या रायगडाला आहे तसाच, फक्त बराच लांब. त्याच्या पाळण्यांवर शर्यत जिंकलेल्यांची नावं लिहिलेली असतात. माझ्यासमोर येऊन थांबलेल्या पाळण्यावर ऑस्ट्रियाचा जुना विजेता फ्रान्झ क्लामर याचं नाव होतं. त्यात बसताना मला भरून आलं, भाचीला कळेना काय झालं ते.

शर्यत जिथून सुटते ती लाकडी खोली १६६५ मीटरवर आहे आणि शेवटची रेषा ८०५ मीटरवर. मधे ८६० मीटरची उतरण. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर. म्हणजे रायगडाच्या माथ्यावरून निघून पार समुद्राच्या पाण्यापर्यंत यायचं, त्याहूनही थोडं जास्त. वाटेची लांबी ३३१२ मीटर. एवढं अंतर पुरुष स्कीपटू दोन मिनिटांच्या आत कापतात.

खोलीतून निघाल्यावर थोड्याच सेकंदांत पहिला कडा येतो, ‘माऊझेफाले’, म्हणजे उंदराचा सापळा. इथे उताराची तीव्रता ८५ टक्के आहे. शंभर मीटर पुढे सरकलात की पंच्याऐंशी मीटर खाली गेलात, कोनात सांगायचं तर जवळपास चाळीस अंश. टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा सगळं सपाट करून टाकतो. मी तिथे डोंगराकडे तोंड करून उभी राहिले, जराशी वाकले आणि हात पुढे केला, तर हाताला गवत लागलं. थंड, ओलं, पिवळी फुलं असलेलं गवत. बाजूला गळ्यात घंटा बांधलेली एक गाय शांतपणे चरत होती. जानेवारीत याच जागी माणसं शंभराच्या पुढच्या वेगानं हवेत जातात आणि ऐंशी मीटरपर्यंत लांब जाऊन खाली टेकतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आमच्या वाडीतून खाडीवर उतरणाऱ्या पाखाडीला ठिकठिकाणी नावं आहेत. फणसाचं वळण, घसरण, पालखीचा दगड. कुणी समिती बसवून ती ठेवलेली नाहीत. जिथे पाय घसरला, जिथे दम घ्यावा लागला, जिथे खांदेकरी बदलावे लागले, तिथे नाव पडलं. श्ट्राइफचं तसंच आहे. ती शर्यतीसाठी आखून काढलेली पट्टी नाही, माणसांनी वावरलेला डोंगर आहे, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. सापळ्यानंतर ‘कारुसेल’, नावाप्रमाणे गरकन फिरवणारं वळण. मग ‘श्टाइलहांग’, म्हणजे उभा उतार, एका अंगाला कललेला. त्याच्या तोंडाशी वाट वळते आणि वळणाच्या बाहेर लाल जाळी उभी असते.

तुम्हाला सगळे सारखे दिसतात ना? पुढच्या वेळी फक्त या एका जागेवर डोळा ठेवा. श्टाइलहांगमधून बाहेर पडताना कुणाची स्की जाळीपासून किती अंतरावरून जाते ते बघा. त्यानंतर ब्रुकेनशुस आणि गशॉस हा जवळपास सपाट भाग येतो. तिथे जोर लावायला काही नाही, वरून आणलेला वेग तेवढा खर्च करायचा असतो. वळणात भिऊन ज्यानं जरा अंग चोरलं, त्याला ती चोरी या सपाटीवर सेकंदासेकंदानं फेडावी लागते. शर्यत बहुतेक वेळा इथेच हरली जाते, असं माझं मत आहे. प्रेक्षक मात्र शेवटच्या उडीकडे बघत असतात.

मध्यावर जंगलातली ‘आल्टे श्नाइझे’, म्हणजे झाडं तोडून केलेली जुनी पट्टी, आणि मग झाइडलआल्म. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायची डोंगरावरची जागा. तिथे आता खाणावळ आहे. माझे गुडघे तोवर बोलायला लागले होते, म्हणून आम्ही टेकलो. जाड घावन तव्यावरच फाडून त्यावर पिठीसाखर भुरभुरावी आणि बरोबर आलुबुखारचा शिजवलेला रस द्यावा, असा तिथला पदार्थ खाल्ला. याच घरात जानेवारी १९६६ मध्ये सर्ज लांग हा फ्रेंच पत्रकार, फ्रान्सचे प्रशिक्षक ओनोरे बोने आणि अमेरिकेचे बॉब बीटी असे तिघं बोलत बसले. एखाद्या दिवसाच्या शर्यतीवर न थांबता, हिवाळाभराचे गुण मोजून सर्वोत्तम स्कीपटू ठरवावा, हा विचार तिथे पक्का झाला. पुढच्याच हिवाळ्यात, १९६७ मध्ये, विश्वचषक सुरू झाला. त्या वर्षी इथला उतार आणि तो पहिला विश्वचषक, दोन्ही फ्रान्सच्या जॉं-क्लोद किलीनं जिंकले. आज जगभर चालणारा एवढा पसारा त्या लाकडी बाकांवर जन्माला आला. मी बाकावरून हात फिरवून पाहिला.

पुढे लार्चच्या झाडांमधून वाट जाते आणि एकदम समोर फक्त आकाश दिसतं. ही ‘हाउसबेर्गकान्टे’. हाउसबेर्ग म्हणजे गावकऱ्यांचा घरचा डोंगर, कान्टे म्हणजे धार. घरच्या डोंगराची धार! इथून उडी, टेकल्याटेकल्या शरीर दाबून टाकणारं वळण, आणि लगेच आडव्या कललेल्या उतारावरून तिरकं जाणं. तोवर दीड मिनिट झालेलं असतं, मांड्या पेटलेल्या असतात. २०१६ साली एकाच दिवशी इथे आक्सेल लुंड स्विंडाल, गेओर्ग श्ट्राइटबेर्गर आणि हानेस राइखेल्ट असे तीन नामांकित पडले. मग शेवटची ‘त्सीलशुस’, जिथे वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर जातो, आणि खाली लोकांचा समुद्र, हातात गुरांच्या घंटा.

इतिहास थोडक्यात सांगते, पण दोन-तीन माणसांपाशी थांबणार आहे. हानेनकामची पहिली शर्यत १९३१ ची, फेर्डल फ्रीडेन्सबाखर या स्थानिक स्कीपटूनं जिंकलेली. श्ट्राइफवर ती १९३७ पासून होते. गावातलाच टोनी झाइलर हा पत्रेकाम शिकलेला पोरगा. १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, कोर्टिना इथे, त्यानं आल्पाइनची, म्हणजे उतारावरच्या स्की-शर्यतींची, तिन्ही सुवर्णपदकं घेतली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. उभ्या उताराची शर्यत साडेतीन सेकंदांनी, मोठी स्लालम, म्हणजे खांबांना वळसे घालत उतरायची शर्यत, सहा सेकंदांहून जास्त फरकानं. ज्या खेळात शतांशावर निकाल लागतात तिथे सहा सेकंद! त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी त्यानं घरचा उतारही जिंकला, आणि म्हातारपणी कित्येक वर्षं याच शर्यतीची व्यवस्था सांभाळली.

क्लामर चार वेळा जिंकला. १९७५ मध्ये त्यानं इटलीच्या गुस्ताव ट्योनीला एका शतांश सेकंदानं मागे टाकलं. ताशी १४० च्या वेगात एक शतांश म्हणजे सुमारे ३९ सेंटीमीटर, आपल्या हातभरापेक्षा कमी. मग १९७६, १९७७, आणि नंतर इथे काही नाही. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. मधे एका काळात लोकांनी तो संपला म्हणून सोडूनही दिला होता. १९८४ मध्ये तो याच उतारावरून पुन्हा पहिला आला. त्या पाळण्याशी मला भरून आलं ते यामुळे.

मधल्या काळात कॅनडाच्या पोरांनी ऑस्ट्रियन लोकांच्या अंगणात येऊन सलग चार वर्षं बाजी मारली. १९८० मध्ये केन रीड, १९८१ आणि ८२ मध्ये स्टीव्ह पोडबोर्स्की, १९८३ मध्ये टॉड ब्रूकर. त्यानंतर पुढचा कॅनडाचा विजेता बघायला २०२५ उजाडावं लागलं, जेम्स क्रॉफर्ड.

सर्वांत जास्त विजय मात्र खाटिककाम शिकलेल्या एका स्विस माणसाचे, दिदिए क्युशचे. पहिला १९९८ मध्ये. दुसऱ्यासाठी दहा वर्षं थांबला. मग २००८, २०१०, २०११, आणि २०१२ मध्ये निवृत्ती जाहीर करून दोन दिवस झाले नाहीत तोच पाचवा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. या उतारावर तरुण पाय लागतात हे खरं, पण ओळख त्याहून जास्त लागते. ती वयानंच येते.

प्रश्न : मी नववीत आहे. स्कीची शर्यत मऊ बर्फावर घेतली तर पडल्यावर कमी लागेल. मग त्या उतारावर मुद्दाम पाणी मारून तो कडक का करतात? आणि तिथला विक्रम १९९७ पासून का मोडला नाही?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बाळ, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

तू गुहागरच्या पुळणीवर सायकल चालवली आहेस का? लाटेनं भिजलेल्या घट्ट वाळूवर ती सरळ पळते. वर सुक्या वाळूत नेलीस की चाक रुततं, हँडल वाकडं होतं आणि तू पडतेस. आणि तुझ्या मागून दहा सायकली त्याच वाळूतून गेल्या, तर दहाव्याला तुझ्या चाकानं पाडलेल्या चरांतून जावं लागतं. बर्फाचं तेच होतं. भुसभुशीत बर्फावरून पहिले काही गेले की चर आणि खड्डे पडतात, आणि चाळिसाव्याला एवढ्या वेगात ते खड्डे जिवावर बेततात. म्हणून बर्फात नळ्यांनी पाणी खोलवर सोडतात. ते रात्री गोठतं आणि पृष्ठभाग सगळ्यांना जवळपास सारखा मिळतो. शिवाय स्कीला दोन्ही बाजूंनी पोलादी कडा असते, कोयतीसारखी धार लावलेली. ती कडा कडक बर्फात रुतून धरते, मऊ बर्फात नुसती वाहत जाते. पुरुषांच्या या शर्यतीतली स्की किमान २१८ सेंटीमीटर लांब असावी लागते, साधारण तुझ्या दाराच्या चौकटीच्या उंचीएवढी. वेगात ती हलू नये म्हणून एवढी लांबी.

विक्रम फ्रिट्झ श्ट्रोबलचा आहे, १ मिनिट ५१.५८ सेकंद. तू स्वतः भागाकार करून बघ, सरासरी वेग ताशी जवळजवळ १०७ किलोमीटर येतो. तो अजून टिकला आहे याचा अर्थ नंतरचे स्कीपटू कमी पडले असा नाही. गेट, म्हणजे ज्या खांबांमधून जायचं ते, कुठे लावायचे हे दर वर्षी थोडं बदलतं, बर्फ बदलतो, आणि अपघातांनंतर काही जागा मुद्दाम सौम्य केल्या आहेत. शेवटची उडी २००९ नंतर बसकी केली. त्यामुळे वाट तीच असली तरी वेळा एकमेकींशी जुळवताना जपून जुळवायच्या. एक गंमत सांगते, १९७८ मध्ये ऑस्ट्रियाचा योसेफ वाल्खर आणि जर्मनीचा झेप फेर्स्टल यांची वेळ शतांशापर्यंत एकच आली, म्हणून त्या वर्षी विजेते दोन. आणि २०१९ मध्ये त्या फेर्स्टलचा मुलगा याच डोंगरावर सुपर-जी ही दुसरी शर्यत जिंकला.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तुमचे लेख वाचून तो स्की शिकायला गुलमर्गला जायचं म्हणतो. मी शोधून पाहिलं, तर त्या श्ट्राइफवर माणसं कोमात गेलेली आहेत. अशा खेळाचं कौतुक आपण का करावं? मी आई म्हणून विचारते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, तुम्ही शोधलंत ते खरं आहे आणि ते झाकून मी लिहिणार नाही. २००९ मध्ये सरावाच्या वेळी डानिएल आल्ब्रेख्ट हा स्विस विश्वविजेता शेवटच्या उडीत तोल जाऊन पाठीवर आदळला आणि सुमारे तीन आठवडे कोमात होता. तो परत चालायला, बोलायला शिकला आणि दोन वर्षांच्या आत विश्वचषकाच्या शर्यतीत उतरलाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियाचा हान्स ग्रुगर उंदराच्या सापळ्यात पडला, डोक्याला भयंकर मार लागला. तो वाचला, पण शर्यती कायमच्या सुटल्या. मी ती २००९ ची पडझड टीव्हीवर पाहिली आणि त्या रात्री जेवले नाही. पुढच्या वर्षी टीव्ही लावावा की नाही यावर माझा माझ्याशीच वाद झाला. लावला.

का लावला ते सांगायचा प्रयत्न करते. आमच्या शेजारी एक वयस्क तांडेल राहतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यानंतर तो दर वर्षी जरा सरकतो, आणि होडी आत आणताना तिथे चुकलं तर उलटते. मी एकदा त्यांना विचारलं, अंधारात कसं आणता? त्यांनी डोळे मिटले, उजवा पंजा होडीसारखा पुढे धरला आणि बोलायला लागले. “इथं लाट मागनं येते, इथं थांबायचं, आता डावी, आता जोर.” पंजा डावीकडे वळत होता, खांदाही वळत होता, घरात बसून. काही वर्षांनी शर्यतीआधीचं चित्रण पाहताना मी दचकले. सुरुवातीच्या खोलीबाहेर स्कीपटू उभे होते, डोळे मिटलेले, पंजे पुढे, अंग डोलत होतं. ते मनात सापळा, कारुसेल, श्टाइलहांग अशी वाट उतरत होते. त्या जागा त्यांनी सकाळी हळूहळू घसरत, थांबत, पाहून घेतलेल्या असतात. सरावाची किमान एक फेरी झाल्याशिवाय ही शर्यत घेताच येत नाही, हा नियम आहे. मी कौतुक करते ते या तयारीचं. धोक्याचं कौतुक मी कधी केलं नाही, करणारही नाही. वाटेच्या कडेला जाळ्या दुहेरी-तिहेरी झाल्या, कपड्यांच्या आत पडताना फुगणारी हवेची पिशवी सक्तीची झाली, उड्या बसक्या केल्या, हे सगळं मला हवं आहे आणि अजून व्हावं असं वाटतं. वेग वाढवणाऱ्यांपेक्षा जाळ्या वाढवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला जाऊ द्या. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे नवख्यांना शिकवतात. पहिले दिवस थांबायचं कसं आणि पडायचं कसं यातच जातात, तेही आपल्या सड्यासारख्या मंद उतारावर. श्ट्राइफसारख्या ठिकाणी पोचायला लहानपणापासूनची पंधरा-वीस वर्षं लागतात. याच गुलमर्गच्या परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, स्लालम आणि मोठी स्लालम या शर्यतींत. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये इन्सब्रुकला, जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून उभ्या उताराच्या शर्यतीत उतरला होता. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो पहिला. मुलाला ही दोन नावं सांगा. हेल्मेट तिथे भाड्यानं मिळतं, पण डोक्याला नीट बसणारं घ्यायला सांगा, आणि लोकरीचे मोजे दोन जोड जास्त द्या. कोकणातल्या मुलाला थंडीचा अंदाज नसतो.

प्रश्न : शर्यत कधी असते आणि आपल्याकडे किती वाजता दिसते?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : जानेवारीच्या उत्तरार्धातला शनिवार धरा. तिकडे साडेअकराला सुरू झाली की आपल्याकडे दुपारचे चार वाजलेले असतात. धुकं किंवा वारा असेल तर सुरुवात खालच्या जागी नेतात किंवा वेळ पुढे ढकलतात, तेव्हा टीव्ही बंद करू नका. चहा आधीच करून ठेवा. पहिले वीस-पंचवीस जण उतरेपर्यंत उठता येत नाही.